कूड, उंबरा आणि तिथी : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील घरगुती शोभाकलांचा विचार

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके एकमेकांस लागून वसलेले आहेत. अभ्यासकांचे लक्ष या प्रदेशाकडे वळते ते बहुधा पाषाणामुळे. नाणेघाटातील सातवाहनांचा लेख, लेण्याद्रीचे चैत्यगृह, तुळजा लेण्यातील बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्य, शिवनेरीचा गड ही नावे पदव्युत्तर वर्गातील कोणाही विद्यार्थ्यास पाठ असतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र याच्या अगदी उलट टोकाचा आहे. जे सहा महिने टिकले तरी पुष्कळ झाले, जे करणारी स्त्री त्यास कला असे म्हणत नाही, आणि ज्यास आजवर कोणी मोल लावले नाही, अशा घराच्या भिंतीवरील, दारावरील व अंगणातील हातकामाचा विचार येथे करावयाचा आहे. भिंतीचे सारवण, तुसाच्या राखेची रांगोळी, धान्याच्या कणसांचे तोरण, कामट्यांचा आकाशकंदील आणि दिवाळीतील मातीचा किल्ला एवढीच सामग्री विचारास घेतली आहे. गोधडी, कणगी व बुरुडकाम ही घरात शोभून दिसणारी असली तरी मुळात उपयोगाची. त्यांचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

प्रथम प्रदेशाची ठेवण लक्षात घेतली पाहिजे, कारण येथील शोभेचे साहित्य जमिनीबरोबर बदलत जाते. दोन्ही तालुक्यांची पश्चिम बाजू सह्याद्रीच्या कण्यास टेकलेली आहे. तेथे पाऊस अतोनात, शेती भाताची व वरकस जमिनीत नाचणी-वरईची, आणि वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर या जमातींची. हिरड्याची फळे गोळा करणे हा येथला एक मोठा हंगाम असतो. पूर्वेकडे उतरू लागले की चाळीस-पन्नास किलोमीटरांच्या आत पाऊस ओसरतो, बाजरी व कांदा दिसू लागतो, आणि कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या पाण्यावर नारायणगाव व मंचर येथील बाजारपेठा उभ्या राहिलेल्या आढळतात. पश्चिमेकडील घराची भिंत कारवीच्या कुडाची, तर पूर्वेकडील दगडमातीची. दारावरील तोरणात पश्चिमेस भाताची लोंबी आणि पूर्वेस बाजरीचे कणीस. कोणत्याही एका गावाची पद्धत साऱ्या तालुक्याची म्हणून सांगणे ही या विषयातील सर्वांत सोपी व सर्वांत घातक चूक होय.

कुडापासूनच आरंभ करू. कारवी हे सह्याद्रीच्या उतारावर दाट वाढणारे झुडूप. ते सात-आठ वर्षे नुसते वाढते, एका वर्षी सारे रान एकदम जांभळे होते, बी धरते आणि मरून जाते. तिच्या सरळ काठ्या उभ्या रोवून, आडव्या पट्ट्यांना बांधून जो पडदा तयार होतो तो कूड. त्यावर आतून-बाहेरून चिखलाचा गिलावा देतात. चिखलात भाताचा कोंडा किंवा बारीक चिरलेला पेंढा मळतात, कारण नुसती माती वाळताना आकसते व भेगाळते. तंतू असले म्हणजे तो ताण वाटला जातो आणि मोठ्या भेगेऐवजी सूक्ष्म रेषा पडतात. शेणाचे कार्य हेच, परंतु अधिक नाजूक प्रमाणावर. गुरांच्या पोटातून न पचता आलेले बारीक तंतू व चिकट द्रव्य मातीच्या कणांना धरून ठेवतात, आणि वरचा पापुद्रा धुळीच्या रूपाने झडत नाही. सारवण हे अशा रीतीने आधी दुरुस्ती आहे आणि मग शोभा.

ही गोष्ट नीट ध्यानात आली नाही तर पुढील सारेच विवेचन निसटेल, म्हणून थोडे थांबून पाहू. ओल्या सारवणावरून पोतेरे अथवा हात फिरविताना बसलेल्या स्त्रीचा हात खांद्यापासून फिरतो. त्यामुळे जमिनीवर आपोआप अर्धवर्तुळे उमटतात. एक ओळ संपली की ती मागे सरकते आणि दुसरी ओळ पहिलीच्या कडेवर येते. माशाच्या खवल्यांसारखा जो नक्षीचा पट दिसतो तो या मागे सरकण्याचा हिशेब होय. त्या कमानीची त्रिज्या म्हणजे सारविणारीच्या हाताची लांबी. एका घरातील सासूची जमीन व सुनेची जमीन जाणत्या डोळ्यास वेगळी ओळखू येते, असे म्हणतात ते उगाच नव्हे. काही ठिकाणी मुद्दाम बोटे किंचित फाकवून ही रेघ ठसठशीत करतात. तेथे कामाचे शोभेत रूपांतर झाले असे म्हणावयास हरकत नाही. पण त्या दोहोंमधील सीमारेषा कोठे ओढावी हे सांगता येत नाही, आणि ती ओढण्याचा अट्टाहासही धरू नये.

भिंतीवर पांढरी माती किंवा चुना, आणि खालच्या हातभर पट्ट्यास गेरू अथवा काव, ही रंगयोजना दोन्ही तालुक्यांतच काय, साऱ्या देशावर परिचित आहे. खालचा पट्टा गडद का, याचे उत्तर पुन्हा उपयोगाचेच आहे. पावसाचे थेंब अंगणातून उडून तेथवर येतात, कोंबड्या व पोरे तेथेच घासतात; त्यामुळे मळ न दिसणारा व वारंवार नवा करता येणारा रंग तेथे हवा. पांढऱ्या मातीविषयी एक गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते. आपल्याकडे शेतजमिनीस काळी आणि गावठाणास पांढरी म्हणतात. भिंतीस लावण्याची पांढरी माती लोक जुन्या, उजाड गढीतून वा टेकाडातून आणीत. म्हणजे एका काळच्या घरांच्या मातीनेच दुसऱ्या काळची घरे पांढरी होत. पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने हा मोठाच अनर्थ, कारण त्या टोपलीबरोबर खापरे व थर दोन्ही जातात. गृहिणीच्या दृष्टीने मात्र ती उत्तम माती.

पांढऱ्या रंगाचे दुसरे साधन म्हणजे रांगोळी. बाजारची रांगोळी पांढऱ्या मऊ दगडाच्या भुकटीची असते. तांदूळ पिकणाऱ्या पट्ट्यात तिच्याऐवजी भाताच्या तुसाची राख चालते. तुसात राखेचे प्रमाण वजनाने सुमारे पंचमांश असते आणि ती राख जवळजवळ सारी सिलिकेची. परंतु ती पांढरी मिळेल की काळी हे जाळण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. तूस धगधगत्या आगीत एकदम टाकले तर आतील कोळसा अर्धवट जळून राख करडी राहते. ढीग करून, वरून विस्तव ठेवून, रात्रभर हवा लागू देत धुमसत ठेवले तर सकाळी पांढरी, हलकी व बोटांतून सुटी सुटी पडणारी राख मिळते. ती चाळली की रांगोळी तयार. दगडाच्या भुकटीपेक्षा ती हलकी असल्याने वाऱ्यावर उडते. म्हणून सारवण अर्धवट ओले असतानाच ती घालावी लागते. कोरड्या फरशीवर ती टिकत नाही. फरशी आली की तुसाची रांगोळी का जाते याचे कारण एवढे साधे आहे, आणि त्यासाठी आवडीनिवडीच्या बदलाचे मोठे प्रमेय मांडण्याचे प्रयोजन नाही.

येथे एका मोहापासून विद्यार्थ्यांस सावध करणे अवश्य आहे. जुन्नरच्या लेण्यांच्या दर्शनी भागांवर वेदिकापट्टीची व चैत्यकमानींची नक्षी ठिकठिकाणी कोरलेली आहे. मानमोडीच्या डोंगरातील एका लेण्याच्या कमानीत कमळाच्या पाकळ्यांमध्ये गजलक्ष्मी आहे. जवळच्या वाडीत अंगणातील रांगोळीत कमळ व लक्ष्मीची पावले पाहिली की दोन हजार वर्षांची अखंड परंपरा सिद्ध झाली असे वाटू लागते. परंतु कमळ हे साऱ्या भारतवर्षातील अंगणांत आहे, आणि लक्ष्मीची पावले जेथे एकही लेणे नाही अशा गावांतही उमटतात. आकृतीचे साम्य हा परंपरेचा पुरावा नव्हे. उलट ज्यांचा लेण्यांशी कसलाच संबंध लावता येत नाही अशा गोष्टी, उदाहरणार्थ हाताच्या लांबीने ठरणारी ती सारवणाची कमान, या प्रदेशाविषयी अधिक खात्रीचे काही सांगतात.

आता भिंत सोडून उंबऱ्याकडे वळू. दसऱ्यास आंब्याची पाने व झेंडू यांच्या तोरणात नव्या धान्याची कणसे गुंफण्याची चाल महाराष्ट्रात दूरवर आहे. कोकणात तिला नवे बांधणे म्हणतात. केवळ लोंब्यांचे तोरण वा झुंबर करण्याची रीत मात्र थोडी अधिक कसबाची आहे. लोंबी पूर्ण पिकली म्हणजे दाणा झडतो, हिरवी असली तर वाळताना सुरकुतते. म्हणून दाणा भरलेला पण दांडा अजून पिवळट-हिरवा असताना ती कापावी लागते. दांडे वीतभर ठेवून पाने सोलून काढतात. काम चालू असेतो दांडे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, नाहीतर ते पेरावर मोडतात. मग तीन पदरी वेणी घालावयास घ्यावी आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या वळणास एक नवी लोंबी आत घ्यावी. दांडा वेणीत जातो, कणीस खाली लोंबते. वेणी पुढे जाते तसा जुना दांडा संपतो व नवा त्याची जागा घेतो, त्यामुळे हाती असलेल्या वीतभर दांड्यांतून चौकटीएवढे लांब तोरण निघते. दोरा लागतो तो फक्त दोन टोकांस. वाळल्यावर वेणी किंचित सैल पडते, म्हणून ती ओली असताना शक्य तितकी आवळावी.

हे तोरण पुढे काय होते, हा प्रश्न वस्तुसंग्रहालयाच्या दृष्टीने मोठा अडचणीचा आहे. चिमण्या ते खातात. बहुतेक घरांत तसा मानसच असतो. पुढील हंगामापर्यंत दारावर उरतात त्या नुसत्या काड्या. जी वस्तू खाल्ली जाणे हाच तिचा शेवट, ती काचेच्या पेटीत ठेवली की तिचा अर्धा अर्थ गेला. तरीही एखादी अवश्य ठेवावी. कारण कोणत्या वर्षी, कोणत्या खाचरात भाताचे कोणते वाण होते याचा तो नमुना ठरतो. संकरित व सुधारित बियाण्यांच्या प्रसारानंतर जुनी स्थानिक वाणे मागे पडली आहेत, आणि उंच काडीच्या जुन्या वाणांइतकी लांब वेणी ठेंगण्या वाणांच्या काडीची होत नाही. शोभेची वस्तू ही अशा प्रकारे कृषीच्या इतिहासाचे साधन होऊ शकते.

दिवाळीतील आकाशकंदील हा याहून निराळा, कारण त्याचे साहित्य शेतातील नसून बाजारातील आहे. त्याचा पारंपरिक आकार सर्वांच्या पाहण्यातील आहे; पण त्याची रचना फार थोड्यांनी मोजून पाहिली असेल. वीतभर लांबीच्या चोवीस सारख्या कामट्या घ्याव्यात. त्यांचे सहा चौकोन बांधावेत. एक चौकोन वर आडवा, एक खाली आडवा, आणि चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून भोवती. असे कोपऱ्यास कोपरा जोडीत गेले की बारा सांधे होतात आणि चौकोनांच्या मध्ये आठ त्रिकोणी खिडक्या आपोआप उघडतात. कामटी नऊ इंचांची असेल तर वरच्या चौकोनापासून खालच्यापर्यंतचे अंतर तेरा इंचांच्या जरा आत येते.

हा सांगाडा बांधून झाल्यावर हातात घेतला की लचकतो. वरून दाबला तर पिळवटून बसतो. मुलांस वाटते की गाठी सैल राहिल्या. पण दोष गाठींचा नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६४ मध्ये सांगाड्यांच्या ताठपणाविषयी जो साधा हिशेब मांडला त्याप्रमाणे अवकाशातील सांगाड्यास, सांध्यांची संख्या तिप्पट करून त्यातून सहा वजा केल्यास जी संख्या येते, निदान तेवढ्या काठ्या लागतात. बारा सांध्यांस तीस. आपल्याजवळ चोवीस आहेत, सहा कमी. आता कारागीर पुढे काय करतो ते पाहावे. टांगण्यासाठी वरच्या चौकोनात कर्णावर एक कामटी बांधतो. पणती अथवा दिवा ठेवण्यासाठी खालच्या चौकोनातही तशीच आडवी देतो. बाजूच्या चार चौकोनांवर कागद चिकटवितो. ताणलेला कागद कर्णाचेच काम करतो, कारण चौकोन ज्या बाजूस कलू पाहील त्याच्या उलट कर्णावर तो ताणला जातो. दोन आणि चार मिळून सहा. तीसचा आकडा भरला आणि कंदील ताठ झाला. त्रिकोणांवरील कागद हा तेवढा केवळ शोभेचा, आणि गंमत अशी की रंगीबेरंगी नक्षी कातरून छिद्रे पाडावयाची ती त्याच ठिकाणी पाडली तर कंदिलाचे काही बिघडत नाही. खळ किंचित पातळ लावावी म्हणजे कागद ओला होऊन प्रसरण पावतो व वाळताना आवळून बसतो. जाड खळीने तो सुरकुततो आणि कर्णाचे काम नीट करीत नाही. झिरमिळ्या खालच्या व बाजूच्या कोपऱ्यांस लावतात.

जुन्नरच्या संदर्भात कागदाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. या गावात कागदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुसलमान कारागिरांचा हातकागदाचा मोठा व्यवसाय होता आणि जुन्नरी कागद मराठेशाहीच्या दफ्तरांत नावाजलेला होता. जुनी गोणपाटे व दोरखंड तोडून, चुन्यात मुरवून, कुटून आणि नदीच्या पाण्यात पुनःपुन्हा धुऊन लगदा करीत. गवताच्या बारीक काड्यांच्या जाळीवर तो उचलीत. ओले ताव भिंतीवर चिकटवून वाळवीत. आणि खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत. घोटलेला, जाडसर, बोरूची शाई न फुटणारा असा तो कागद होता. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे तो टिकला नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने १९३४ नंतर हातकागदाच्या पुनरुज्जीवनाचा कार्यक्रम हाती घेतला, आणि १९४० मध्ये पुण्यास हातकागदाची संस्था निघाली. परंतु जुन्नरचा जुना धंदा पूर्वीच्या रूपात परत आला नाही. ज्या पातळ, रंगीत, स्वस्त कागदामुळे कंदील घरोघर करता येऊ लागला तो गिरणीचाच. एका हातकारागिरीस ज्याने मारले त्यानेच दुसरीस जन्म दिला, ही गोष्ट यंत्र विरुद्ध हात असा सोपा सामना मांडणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मातीच्या किल्ल्याविषयी थोडक्यात. शिवनेरीच्या पायथ्याशी मुलांनी दिवाळीत किल्ला करावा यात नवल ते काय? पण हा खेळ पुण्यामुंबईच्या वाड्या-चाळींतही तितकाच रूढ आहे, त्यामुळे त्यास स्थानिक म्हणता येत नाही. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडविलेले गोणपाट, आणि वर तांबड्या मातीचा लेप. उतारावर हिरवळ यावी म्हणून हाळीव किंवा मोहरी पेरतात. हाळीव श्रेष्ठ, कारण भिजल्यावर त्याच्या बीवर बुळबुळीत आवरण येते आणि उभ्या चढावरही ते चिकटून राहते, तर मोहरी पाण्याबरोबर खाली घरंगळते. तीन-चार दिवसांत कोंब दिसतो, एवढा अवधी हाताशी ठेवून पेरणी करावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या सर्व कृतींचे भवितव्य एकसारखे नाही. आज या दोन्ही तालुक्यांत पक्क्या भिंतीचे घर हे गरिबाचेही रास्त ध्येय आहे, आणि १९८५ मधील इंदिरा आवास योजनेपासून २०१६ मधील ग्रामीण पंतप्रधान आवास योजनेपर्यंत शासनाचे धोरणही त्याच दिशेने राहिले आहे. कारवी तोडण्याचा प्रश्नही पूर्वीसारखा राहिला नाही. भीमाशंकरचे अरण्य १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध तेथे लागू झाले; २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केले हे खरे, पण हक्क कागदावर येणे आणि काठीचा भारा दाराशी येणे यांत अंतर असते. घोड नदीवरील दिंभे धरणाच्या पाण्याखाली ज्यावरून तालुक्यास नाव मिळाले ते आंबेगावच गेले. जी घरे उठली ती पुन्हा कुडाची होऊन बसली नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. २०१७ मध्ये जे नवे गाव वसविण्यात आले ते पक्क्या घरांचे आहे. तेथल्या कोणा बाईस जाऊन, पूर्वी तुम्ही भिंती किती सुंदर सारवीत होता, असे म्हणण्याचा अधिकार आपणांपैकी कोणासही नाही.

किंबहुना सारवणाचे गोडवे गाणाऱ्यांनी ते एकदा स्वतः करून पाहावे. आठवड्यास जमीन, वर्षास भिंती, पावसाळ्यानंतर पडवी नव्याने. शेण आणावयाचे, माती खणावयाची, पाणी डोक्यावरून आणावयाचे. हे सारे एका स्त्रीच्या कमरेवर. सिमेंटच्या भिंतीने तिचे ते श्रम वाचविले आहेत, आणि शोभेचा लोप हे त्याचे मोल म्हणून तिने राजीखुशीने दिले असेल तर त्यात खेद करण्यासारखे काय आहे याचा विचार शांतपणे केला पाहिजे. माझ्या मते खेदाची जागा दुसरी आहे. भिंत गेली त्याबरोबर त्या स्त्रीस असलेले मातीचे ज्ञान, म्हणजे कोणत्या ओढ्याची माती तडकते, कोणत्या महिन्यातील शेण चांगले, तूस कसे जाळावे, हे कोणीही टिपून न घेता नाहीसे होत आहे.

शेजारच्या उदाहरणाशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. डहाणू-तलासरी भागातील वारली स्त्रियांचे लग्नचौक तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवरच काढले जात. १९७०च्या दशकात जिव्या सोमा मशे यांच्या हातून ती चित्रे कागदावर आली, देशोदेशी गेली; त्यांस २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. भिंत गेली तरी चित्र उरले, कारण ते भिंतीपासून सोडविता आले. त्याबरोबर ते सवाशिणींच्या हातून बऱ्याच अंशी पुरुष चित्रकारांच्या हाती गेले हेही नमूद केले पाहिजे. जुन्नर-आंबेगावच्या सारवणास असा मार्ग नाही. हाताच्या लांबीची ती कमान कागदावर काढली तर ती कशाचीच खूण राहत नाही. आता महाराष्ट्रातील शाळांच्या व कचेऱ्यांच्या भिंतींवर सर्वत्र वारली धर्तीची मानवाकृती रंगविलेली आढळते. महादेव कोळी व ठाकर मुलांच्या शाळाही त्यास अपवाद नाहीत. आदिवासी म्हणजे वारली चित्र, असे समीकरण त्या मुलांच्या मनावर ठसत असेल तर त्यांच्या स्वतःच्या आज्यांनी केलेले काम त्यांना दिसेनासे होणार. जुन्नर तालुक्यातील निमगिरी गावचे डॉ. गोविंद गारे यांनी महादेव कोळ्यांविषयी व वारल्यांविषयीही स्वतंत्रपणे लिहिले. दोन जमातींस एकाच रंगात न रंगविण्याचा तो धडा गिरविण्याजोगा आहे.

तेव्हा या कलांची वाटणी साहित्यावरून किंवा जातीजमातीवरून करण्याऐवजी त्या कशास बांधलेल्या आहेत यावरून करणे उपयुक्त ठरेल, असे मला वाटते. सारवण, गेरूची पट्टी व तुसाची रांगोळी या भिंतीस व जमिनीस बांधलेल्या. घराची माती बदलली की त्या जातात, त्यांस शिकवणीवर्ग वाचवू शकत नाही. तोरण उंबऱ्यास बांधलेले. सिमेंटच्या घरासही चौकट असतेच, म्हणून तोरण उरते, फक्त लोंबीच्या जागी विकतचे कापडी वा प्लास्टिकचे येण्याचा धोका राहतो. कंदील व किल्ला तिथीस बांधलेले. जोवर दिवाळी आहे आणि शाळेस सुटी आहे तोवर ते कोणत्याही घरात, सदनिकेच्या सज्ज्यातसुद्धा, करता येतात. यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो: हस्तकलेच्या प्रसारासाठी जे थोडके बळ विभागाकडे व शाळांकडे आहे ते शेवटच्या दोन गटांवर खर्च करावे, आणि पहिल्या गटाच्या बाबतीत प्रसाराची भाषा सोडून नोंदणीची घाई करावी.

नोंदणी कशी करावी याविषयी काही सूचना. सारवणाचे छायाचित्र उन्हात दुपारी घेऊ नये. सकाळच्या तिरप्या प्रकाशातच त्याच्या कमानी दिसतात. कमानीची त्रिज्या मोजावी आणि सारविणारीच्या हाताचे माप तिच्या संमतीने टिपावे. मातीचा व शेणाचा भाग टोपल्यांच्या हिशेबाने विचारावा, शेकड्यात नव्हे. शेकड्यात मिळालेले उत्तर हे विचारणाऱ्याचे असते. या नक्षीचा अर्थ काय, हा प्रश्न शक्यतो विचारूच नये, कारण पाहुण्यास निराश करावयाचे नाही म्हणून घरची माणसे काहीतरी अर्थ सांगतात आणि तो पुढे प्रबंधातून ग्रंथात व ग्रंथातून पुन्हा गावात येतो. हे कोणाकडून शिकलात आणि शेवटचे केव्हा केलेत, हे दोन प्रश्न पुरेत. माहेर व सासर दोन्ही गावांची नावे लिहून घ्यावीत. स्त्रियांच्या हातची रीत विवाहाबरोबर प्रवास करते, आणि पश्चिमेकडील वाडीतील एखादी पद्धत पूर्वेकडील गावात सापडली तर त्याचे कारण बहुधा एखादी सोयरीक असते.

काळाची निवड याहून महत्त्वाची. विद्यापीठाच्या सुट्या मे महिन्यात असतात आणि क्षेत्रकार्य तेव्हाच उरकण्याची आपली वहिवाट आहे. मे महिन्यात या दोन्ही तालुक्यांत भिंती मागील वर्षाच्या, तोरणाच्या उरलेल्या काड्या, आणि बायका हिरडा व सरपण यांच्या गडबडीत. पाहावयाचे ते सारे भाद्रपद सरल्यापासून कार्तिकापर्यंत घडते: पाऊस ओसरताच भिंती, घटस्थापनेपूर्वी सारवण, दसऱ्यास दार, दिवाळीस कंदील व किल्ला, आणि कापणी संपली की तुसाचा ढीग. लोंबी कापण्याचे दिवस तर आठ-दहाच, आणि तेही पावसाच्या जाण्यावर अवलंबून. ज्या विद्यार्थ्यांस हा विषय घ्यावयाचा असेल त्यांनी आश्विनातील तपासणी परीक्षांची अडचण आधीच विभागप्रमुखांच्या कानी घालावी.